‘ब्रेक कमी लागतोय’ म्हणण्याची किंमत

पत्राचा सारांश : पत्रलेखक मुंबईतल्या एका वितरण कंपनीत वाहतूक विभाग सांभाळतात. वय ४४. भिवंडीच्या गोदामातून शहरभरच्या दुकानांना माल पोहोचवणाऱ्या २४ गाड्या त्यांच्या हाताखाली आहेत. बहुतेक पिकअप आणि छोटा हत्ती, शिवाय सहा आयशर. ते स्वतः याच कंपनीत चालक म्हणून लागले होते. चालकांना दुसऱ्या फेरीचा ४०० रुपये भत्ता मिळतो. गाडीला ओरखडा किंवा पोचा आला की खर्च पगारातून कापला जातो, आणि जीपीएसवरून वेग मोडणाऱ्यांची नावं दर सोमवारी फळ्यावर लागतात. जूनच्या पावसात घोडबंदर रोडवर गायमुखजवळ एक पिकअप पुढच्या कारवर आदळली. सुदैवाने कोणाला मोठी इजा झाली नाही. चाक उघडलं तर मागचे ब्रेक लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, पार संपलेले. चालक म्हणाला, ब्रेक कमी लागतोय हे आठ दिवस कळत होतं. हा चालक ५६ वर्षांचा आहे आणि पत्रलेखकाला टेम्पो चालवायला त्यानेच शिकवलं; पत्रलेखक त्याला ‘काका’ म्हणतात. मालकांनी सांगितलंय, त्याला काढा, ३८ हजारांची दुरुस्ती वसूल करा आणि सगळ्या केबिनमध्ये कॅमेरे लावा. पत्रलेखक विचारतात : ‘गाडी कंपनीची म्हणून ही माणसं ती जपत नाहीत. स्वतःची असती तर असं केलं असतं का? काकांना काढू का? आणि बाकीच्यांना शिस्त कशी लावू?’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा ‘आठ दिवस’ या शब्दांपाशी थांबले. आठ दिवस म्हणजे सोळा फेऱ्या धरा. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक उतारावर पाय दाबताना त्या माणसाला कळत होतं की पेडल रोजच्यापेक्षा खाली जातंय. तीस-पस्तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी तो गप्प राहिला. ‘त्याला काळजी नव्हती’ हे उत्तर पटकन सुचतं, पण मला ते पटत नाही, आणि तुम्हालाही पूर्ण पटलेलं नसावं. पटलं असतं तर पत्र लिहायला बसला नसता.

त्या जागी स्वतःला बसवून पाहा. तुम्हाला ते जड जाऊ नये, तुम्ही तिथूनच आला आहात. सकाळी सहा वाजता काका सांगतात, ‘ब्रेक कमी लागतोय.’ गाडी गॅरेजला जाते. बदली गाडी नाही, म्हणून काका दिवसभर आवारात बसून. दुसऱ्या फेरीचे ४०० गेले. लायनर त्या दिवशी मिळाले नाहीत तर आणखी ४०० गेले. गॅरेजवाल्याने ‘काही विशेष नाही, चालेल अजून’ म्हणून गाडी परत पाठवली, तर काका कामचुकार ठरले. दुकानाचा माल उशिरा गेला त्याचा फोन वेगळाच. आणि गप्प राहिले तर? त्या दिवशी काहीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुमच्या कंपनीत खरं बोलणाऱ्याचा खिसा त्याच संध्याकाळी हलका होतो आणि गप्प बसणाऱ्याला बिल येतं ते कधीतरी, पावसात, गायमुखच्या वळणावर.

म्हणून ‘स्वतःची असती तर’ हा तुमचा प्रश्न मला थोडा उलटा करावासा वाटतो. माझे वडील २२ वर्षं एका खाजगी कंपनीची गाडी चालवत होते. रोज सकाळी तांब्याभर पाणी आणि पिवळं फडकं घेऊन काच पुसायचे, आरसे पुसायचे, हेडलाइटवर हात फिरवायचे. दसऱ्याला झेंडूचा हार, नारळ, पेढे सगळं स्वतःच्या पैशाने. गाडीच्या कागदावर त्यांचं नाव कुठेही नव्हतं. पण एका पावसाळ्यात जेवताना आईला म्हणाले, ‘मागचा टायर पार गुळगुळीत झालाय.’ आई म्हणाली, ‘मग सांगत का नाही?’ त्यावर ते म्हणाले, ‘दोनदा सांगून झालं.’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच टायरवर गेले. तुमच्या आवारातही दसऱ्याला काय होतं ते आठवा. जे चालकाच्या हातात असतं ते तो जपतो. काच, आरसा, केबिन, देवाचा फोटो. लायनर, टायर, सर्व्हिसिंगची तारीख त्याच्या हातात नसते. तिथे तो फक्त सांगू शकतो, आणि सांगणं महाग पडलं की तेही सोडून देतो.

यावरून एक गोष्ट आधी तपासा. काकांनी खरंच कोणालाच सांगितलं नव्हतं का? क्लीनरला, गॅरेजच्या पोराला, गेटवरच्या माणसाला? कदाचित तुमच्याच कोणा सहाय्यकाला चालता चालता सांगितलं असेल आणि त्याने ‘रविवारी बघू’ म्हटलं असेल. चौकशीत हे विचारलं गेलंय असं पत्रावरून वाटत नाही.

आता वेगाबद्दल. फळ्यावर नावं लावून वेग कमी झाला नाही असं तुम्हीच लिहिलंय. याचं कारण चालकांच्या स्वभावात शोधण्याआधी गोदामाच्या गेटवर शोधा. एक आठवडा फक्त दोन वेळा लिहून ठेवा : गाडी निघायची होती कधी आणि माल भरून प्रत्यक्ष निघाली कधी. साडेसातची गाडी पावणेनऊला सुटत असेल आणि दुकानाची वेळ मात्र तीच राहत असेल, तर तो सव्वा तास चालकाने रस्त्यावरून काढायचा, असं तुमचं वेळापत्रकच त्याला सांगतंय. त्यात ठाण्याचा ट्रॅफिक आणि अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा. त्याला तो सव्वा तास मिळत नाहीच. मोकळ्या रस्त्याचे २५ किलोमीटर ५० च्या वेगाने गेलं तर अर्धा तास लागतो, ६० ने गेलं तर २५ मिनिटं. वाचली पाच मिनिटं. पुढच्या सिग्नलला तीही जातात. उलट ४० वरून ६० वर गेलं की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं. आणि ब्रेक दाबण्याआधी, नुसतं ‘अरे!’ म्हणायला जो एक सेकंद जातो, त्यात ६० च्या वेगाची गाडी साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते. ओल्या रस्त्यावर, भरलेल्या पिकअपला, संपलेल्या लायनरवर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. हा हिशोब चालकांना जरूर सांगा, पण माल भरणाऱ्यांना आणि दुकानांना वेळ देणाऱ्या सेल्सवाल्यांनाही त्याच खोलीत बसवून सांगा. उशिरा सुटलेल्या गाडीची पोचायची वेळ तेवढीच पुढे सरकली पाहिजे. हे तुमच्या हातात आहे.

फोनचंही तसंच. गाडी चालवताना फोन घेणाऱ्याला दंड करा असं मालक म्हणतात. कायद्यातही ते धोकादायक वाहनचालन धरलं जातं. पण दिवसभरात त्या चालकाला फोन करतं कोण? बायको एकदा करत असेल. बाकीचे ‘कुठे पोचला?’ ऑफिसातूनच जातात. तुमच्याकडे जीपीएस आहे, गाडी कुठे आहे ते पडद्यावर दिसतंय. चालत्या गाडीला ऑफिसातून फोन जाणार नाही, हा नियम आधी स्वतःला लावा. निरोप पाठवा, गाडी थांबली की तो उत्तर देईल.

मग करायचं काय? माझ्या मते पहिला बदल पैशाचा असावा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. चालकाच्या तक्रारीमुळे गाडी उभी राहिली तर त्या दिवशीचा दुसऱ्या फेरीचा भत्ता त्याला मिळालाच पाहिजे. मालक म्हणतील, मग सगळेच रोज तक्रार करतील. हिशोब मांडा. २४ गाड्या महिन्यातून प्रत्येकी एक दिवस उभ्या राहिल्या तरी ९,६०० रुपये होतात. एकट्या गायमुखला ३८ हजार गेले, आणि पुढे कारऐवजी मोटारसायकल असती तर आपण आज पैशाबद्दल बोलतच नसतो.

पगारातून कपात करण्याचा प्रकार तर लगेच थांबवा. तो घातक आहेच, शिवाय कायद्यातही बसेल असं नाही. वेतनाच्या कायद्यानुसार दंडाची रक्कम पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही. नुकसानीची वसुली करायची तर ते त्या कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे झालं हे दिसावं लागतं आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कंपनीने लायनर वेळेवर तपासले नसतील, तर ३८ हजार एका माणसाच्या पगारातून काढणं टिकणं कठीण आहे. मालकांना हे नीट समजावून सांगा. धमकीच्या सुरात नको, त्यांनाही अडचणीतून वाचवायचं आहे.

दुसरी गोष्ट सकाळच्या फेरीची. गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर, पाच मिनिटांची. कागदावर २५ खाने छापून टिक मारायला लावू नका. ते चहा पिता पिता एका दमात भरले जातात, हे आपण दोघंही जाणतो. पहिले दोन आठवडे तुम्ही स्वतः आवारात उभे राहा आणि हाताने करून दाखवा. गाडीखाली ओल दिसते का, आणि दिसली तर पाणी की तेल, ते बोट लावून बघायचं. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची मर्यादा तीच, आणि मुंबईच्या पावसात मी तिथवर वाट बघणार नाही. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल दाबून धरायचं. ते हळूहळू खाली जात राहिलं किंवा मऊ लागलं तर गाडी हलवायची नाही. मग आवारातच दहा पावलं गाडी नेऊन एकदा ब्रेक मारून बघायचा. एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या टाकीत साठलेलं पाणी सोडायचं. वायपरचं रबर मे महिन्यातच बदलायचं, पहिल्या पावसात नाही, कारण पहिल्या सरीने रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता सर्वांत निसरडा होतो, आणि नेमकं तेव्हाच काचेतून दिसत नाही.

जे सापडेल ते कार्बनच्या वहीत लिहायचं. एक प्रत चालकाकडे, एक तुमच्याकडे. आणि त्याच संध्याकाळी उत्तर गेलंच पाहिजे : दुरुस्त केलं, उद्या करतो, किंवा तपासलं, ठीक आहे आणि का ठीक आहे. ही वही टिकेल की मरेल ते त्या संध्याकाळच्या उत्तरावर ठरतं. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तीन बाबतींत चालक ‘नेणार नाही’ म्हणाला तर तोच शेवटचा शब्द. तुम्हीसुद्धा तो मोडायचा नाही.

एक सावधगिरी मात्र आत्ताच सांगून ठेवते. हे सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत तक्रारी वाढतील, खूप वाढतील. मालक म्हणतील, बघा, गाड्या जास्त बिघडायला लागल्या. गाड्या आधीपासूनच तशा होत्या, आता त्या ऐकू येतायत. हे त्यांना सुरुवातीलाच सांगा, नंतर सांगितलंत तर ती सबब वाटेल.

डिझेल बचतीवर बक्षीस द्यायचा विचार तुम्ही लिहिलाय. द्या, पण एका अटीवर. बक्षिसासाठी घाटात न्यूट्रल टाकून गाडी सोडणारे चालक मी पाहिलेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. गंमत म्हणजे आजच्या गाड्यांत त्याने डिझेल वाचतही नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनाला जाणारं डिझेल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. जुन्या जाणत्या चालकांना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. बक्षीस जाहीर करण्याआधी हे सांगा.

कॅमेऱ्यांबद्दल मी तुमच्या मालकांच्या पूर्ण विरोधात नाही. पुढच्या रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा आधी लावा. अपघातानंतर मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरली जाते, तेव्हा तो चालकाचा साक्षीदार ठरतो, आणि हे कळलं की चालकच तो मागतील. चेहऱ्याकडे वळवलेल्या कॅमेऱ्याची घाई नको. दहा तास कोणीतरी आपल्याकडे बघतंय ही भावना माणसाला थकवते. पुढे लावायचाच झाला, तर चित्रण कोण बघणार, कधी बघणार आणि त्यावरून काय केलं जाणार नाही, हे आधी चालकांसमोर ठरवा.

आणि तासांचा हिशोब बघा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८ आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी रेघ आखली. तुमच्या चालकांची दुसरी फेरी रात्री किती वाजता संपते आणि पहिली पहाटे किती वाजता सुरू होते, यात झोपेला किती उरतात? अंबरनाथ-विरारला राहणाऱ्याचा लोकलचा वेळ त्यातून वजा करा. पाच तास उरत असतील तर कोणतंही प्रशिक्षण त्या डोळ्यांना उघडं ठेवू शकणार नाही.

आता काका. तुमच्यापुढे मालकांनी एक टोक ठेवलंय आणि मनाने दुसरं. काढून टाकलं तर बाकीचे एकच धडा घेतील, की अपघातानंतर ‘मला आठ दिवस कळत होतं’ हे कबूल करायचं नाही. त्या कबुलीमुळेच तुम्हाला आज खरं काय ते माहीत आहे, याचा विसर पडू देऊ नका. पण काहीच न करता झाकून टाकलं, तर ते गुरू म्हणून वाचले असं सगळे म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. काकांची चूक लहान नाही. पेडल त्यांच्या पायाखाली होतं. ४०० रुपयांसाठी त्यांनी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा जीव धोक्यात घातला, आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे, लेखी. तुमच्या कंपनीने त्यांना त्या पेचात टाकलं, हेही त्याच कागदावर यायला हवं.

निर्णय एकट्याने घेऊ नका. त्यांच्याशी तुमचं नातं आहे, म्हणून चौकशीत आणखी एक माणूस बसवा. काकांची डोळ्यांची तपासणी कंपनीच्या खर्चाने करा. फक्त त्यांचीच केलीत तर ती शिक्षा वाटेल, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची करा, साखर आणि रक्तदाबासकट. आणि तपासणीत काही निघालं तर कामावरून काढणार नाही, हे आधी जाहीर करा, नाहीतर पुन्हा लपवाछपवी. मला सुचतं ते असं, की काही महिने काकांना सकाळच्या त्या गाडी-तपासणीवर ठेवा, पगार तोच. पेडलवर पाय ठेवून ब्रेकची अवस्था सांगणारा त्यांच्यासारखा माणूस तुमच्याकडे दुसरा नसेल. पण आधी त्यांना विचारा. गाडीवरून उतरणं त्यांना अपमान वाटू शकेल, आणि तो त्यांना वाटला तर तुमची सोय बाजूला ठेवा.

काढून टाकावं असे प्रसंगही असतात. दारू पिऊन गाडीवर बसणारा, चालत्या गाडीत फोन घेऊ नको म्हणून पुन्हा पुन्हा सांगूनही न ऐकणारा, आणि खरं सांगण्याने काहीच नुकसान होत नाही अशी व्यवस्था केल्यावरही खोटं लिहिणारा. तिथे दया दाखवू नका, ती रस्त्यावरच्या इतरांच्या जिवावर असते.

ज्या वाचकांकडे दोनच गाड्या आहेत, शाळेची व्हॅन असेल किंवा केटरिंगचा टेम्पो, त्यांना वही-कॅमेरा नाही जमला तरी हरकत नाही. चालकाला एवढंच विचारा, ‘अपघात झाला तर पहिला फोन कोणाला करशील?’ ‘तुम्हाला’ असं उत्तर आलं तर दुरुस्त करा. पहिला फोन १०८ ला, मग ११२ ला, मग मालकाला. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे. जमावाच्या भीतीने तो पळू नये यासाठी ‘मी तिथे येतोय’ हे वाक्य त्याने तुमच्याकडून आधीच ऐकलेलं असायला हवं.

मालकांकडे जाताना तीन महिन्यांची मुदत मागा आणि एकच कागद न्या : गेल्या वर्षभरातले अपघात, दुरुस्तीचा खर्च, उभ्या राहिलेल्या गाड्या, आणि समोर भत्त्याचे ९,६०० रुपये. पण त्याआधी काकांना भेटा. ऑफिसात नको, खुर्चीच्या पलीकडून तर नकोच. ज्या गाडीवर त्यांनी तुम्हाला क्लच सोडायला शिकवला, तशा एखाद्या गाडीत शेजारी जाऊन बसा आणि विचारा, ‘काका, पहिल्या दिवशी पेडल कसं लागलं होतं?’ त्यानंतर मध्ये बोलू नका, ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घ्या.